एचआयव्हीचा धोका माणसाला स्वतःला किती वाटतो, हे मोजायचे कसे

एखाद्याला एचआयव्हीची लागण होण्याचा धोका किती आहे, हा एक प्रश्न झाला. तो धोका त्याला स्वतःला किती वाटतो, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर वागणूक, जोडीदार आणि चाचण्यांच्या नोंदींवरून बऱ्यापैकी काढता येते. दुसऱ्याचे उत्तर त्या माणसाला विचारूनच मिळते, आणि बहुतेक सर्वेक्षणे विचारण्यातच घसरतात. प्रश्नावलीत कुठेतरी मध्येच एक ओळ टाकलेली असते: "तुम्हाला एचआयव्ही होण्याचा धोका किती आहे? अजिबात नाही, थोडा, मध्यम, खूप." या एका ओळीच्या उत्तरात शक्यतेचा अंदाज, मनातली धास्ती, समोरच्याला काय वाटेल याची लाज आणि "माझा जोडीदार तसा नाही" हा विश्वास असे सगळे एकत्र येऊन बसते. मग त्या उत्तराचा वागणुकीशी संबंध लागत नाही, तेव्हा अहवालात "धोक्याच्या जाणिवेचा परिणाम दिसला नाही" असे लिहिले जाते. खरे तर तिथे जाणीव नीट मोजलेलीच नसते.

हे मोजणे किती महत्त्वाचे ठरू शकते, हे फेम-प्रेप या औषध-चाचणीतून दिसले. केनिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या स्त्रियांना एचआयव्ही टाळण्यासाठी रोज एक गोळी दिली जात होती: एका गटाला औषधाची, दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधाची. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सुरुवातीला सुमारे 70 टक्के स्त्रियांना आपल्याला धोका कमी आहे किंवा नाहीच असे वाटत होते. लागणीचा प्रत्यक्ष दर मात्र दोन्ही गटांत वर्षाला 100 स्त्रियांमागे 5 च्या आसपास होता. ज्यांना औषध दिले होते त्यांच्यापैकी 40 टक्क्यांहून कमी जणींच्या रक्तात ते अपेक्षित पातळीवर सापडले. गोळी न घेण्याची कारणे इतरही होती. पण ज्याला धोकाच वाटत नाही तो निरोगी असताना रोज गोळी का घेईल, हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक प्रतिबंधक कार्यक्रमाला विचारावा लागतो.

प्रश्न लिहिण्याआधी काय ठरवायचे

धोक्याची जाणीव एकसंध नसते. तिचे निदान तीन पदर वेगळे करता येतात आणि ते एकमेकांशी जुळतीलच असे नाही. पहिला विचारपूर्वक केलेला अंदाज: "माझ्यासारख्या 100 जणांत कितींना होईल?" दुसरा भावना: काळजी, धास्ती, अस्वस्थता. तिसरा आतून येणारी जाणीव: "मला आपलं वाटतं, मला होऊ शकतं." रेबेका फेरर आणि सहकाऱ्यांनी 2016 साली हे तीन पदर वेगवेगळे मोजण्याची प्रश्नमाला मांडली. एचआयव्हीच्या कामात ही विभागणी फार उपयोगी पडते. "शक्यता शून्य आहे, पण रात्री झोप लागत नाही" असे सांगणारी माणसे खरोखर भेटतात. उलट शक्यता मोठी आहे हे मान्य करूनही अजिबात न घाबरणारी माणसेही भेटतात. दोघांचे गुण एकत्र मिळवले की दोघेही "मध्यम" ठरतात, आणि दोघांचीही माहिती हातची जाते.

याखेरीज चौथी गोष्ट म्हणजे तुलना: "तुमच्या वयाच्या, तुमच्यासारख्याच इतरांपेक्षा तुमचा धोका कमी, तेवढाच की जास्त?" इथे बहुतेक लोक स्वतःला इतरांपेक्षा सुरक्षित ठरवतात. नील वाइनस्टाइन यांनी 1980 साली हा अवास्तव आशावाद दाखवून दिला होता. तुलनेचा प्रश्न जरूर विचारा, पण शक्यतेच्या प्रश्नाऐवजी नव्हे. एखाद्याने "इतरांपेक्षा कमी" म्हटले तरी त्याच्या मते इतरांचा धोका किती मोठा आहे हे आपल्याला कळलेले नसते.

आजार किती गंभीर वाटतो, हे पूर्ण वेगळे मोजमाप आहे. लोक आरोग्याची काळजी का घेतात हे समजावणारे आरोग्य-श्रद्धा प्रारूप 1950 च्या दशकात क्षयरोगाच्या तपासणीवरच्या कामातून उभे राहिले, तेव्हापासून त्यात "मला होईल का" आणि "झाले तर किती वाईट" या दोन वेगळ्या बाजू धरल्या जातात. उपचार मिळू लागल्यापासून अनेकांच्या मनात गंभीरता कमी झाली आहे, पण शक्यतेचा अंदाज तोच राहिला आहे. दोन्ही एका प्रश्नात कोंबले तर कोणती बाजू हलली हे कधीच कळणार नाही.

आता मुदत. "पुढच्या 6 महिन्यांत", "पुढच्या वर्षभरात" आणि "आयुष्यात कधीतरी" या तिन्हींची उत्तरे वेगळी येतात. मुदत सांगितलीच नाही तर प्रत्येक जण मनाने आपली मुदत धरतो. कार्यक्रमाचा परिणाम पाहायचा असेल तर तुमच्या दोन फेऱ्यांमधले अंतर हीच मुदत ठेवणे बरे. "आत्तापर्यंत लागण झालेली असण्याची शक्यता" हा तर सरळ निराळा प्रश्न आहे. चाचणीला जायचे की नाही, हे त्यावर ठरते. पुढे कंडोम वापरायचे की नाही, यावर त्याचा परिणाम असेलच असे नाही. दोन्ही हवे असतील तर दोन प्रश्न लिहा.

अट सांगितली नाही तर उत्तर उलटे वाचले जाते

सगळ्यांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून पाहू. दोन माणसे आहेत. पहिल्याला धोक्याची पक्की जाण आहे, म्हणून तो दरवेळी कंडोम वापरतो. तुम्ही विचारता, "तुम्हाला लागण होण्याची शक्यता किती?" तो म्हणतो, "खूप कमी." बरोबरच आहे, तो काळजी घेतो. दुसरा कधीच कंडोम वापरत नाही आणि प्रामाणिकपणे म्हणतो, "बरीच." आता आकडेमोड केली तर निष्कर्ष निघतो की धोका जास्त वाटणारे लोक कंडोम कमी वापरतात! म्हणजे जाणीव वाढवणे धोकादायक, असे कुणीतरी लिहून मोकळा होतो.

हा दोष गणिताचा नाही, तो प्रश्नात अट नसण्याचा आहे. वाइनस्टाइन आणि निकोलिच यांनी 1993 साली अशा सहसंबंधांचा अर्थ कसा चुकीचा लावला जातो हे सविस्तर मांडले. एकाच वेळी घेतलेल्या सर्वेक्षणात, अटीविना विचारलेल्या प्रश्नाचा जोखमीच्या वागणुकीशी सरळ संबंध दिसला, तर त्यातून एवढेच कळते की लोकांचा अंदाज वास्तवाशी थोडाफार जुळतो. जाणिवेमुळे वागणूक बदलते का, हे त्यातून कळत नाही. ते पाहायचे तर आधी जाणीव मोजा, मग काही महिन्यांनी वागणूक मोजा.

प्रश्नातच अट घातली की हा गुंता बराच सुटतो: "पुढच्या 12 महिन्यांत तुम्ही कंडोम अजिबात वापरला नाही असे धरा. तर तुम्हाला एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता किती वाटते?" सोबत बिनअटीचा प्रश्नही ठेवा: "तुम्ही सध्या जसे वागता तसेच वागत राहिलात तर…" या दोन उत्तरांतला फरक म्हणजे त्या माणसाला कंडोमने किती संरक्षण मिळते असे वाटते, त्याचा अंदाज. पुष्कळदा दोन्ही मूळ उत्तरांपेक्षा हा फरकच जास्त उपयोगी ठरतो. प्रतिबंधक गोळी घेणाऱ्यांना "गोळी घेत नसतात तर" अशी अट घालून विचारलेच पाहिजे. नाहीतर नियमित गोळी घेणारा आणि धोक्याची कल्पनाच नसलेला, दोघेही एकाच खान्यात पडतील.

प्रश्नांची रचना

कमीत कमी पाच प्रश्न ठेवा, त्यातून वर सांगितलेले पदर वेगवेगळे हाती लागतात. शब्द पुढीलप्रमाणे ठेवता येतील.

शक्यता: "तुम्ही सध्या जसे वागता तसेच वागत राहिलात, तर पुढच्या 12 महिन्यांत तुम्हाला एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता किती वाटते?" पर्याय: मुळीच नाही, जवळपास नाहीच, थोडी, मध्यम, बरीच, खूप जास्त. "मुळीच नाही" आणि "थोडी" यांच्यामध्ये "जवळपास नाहीच" हा पर्याय असायलाच हवा. तो नसला तर शून्याच्या आसपासची सगळी माणसे "मुळीच नाही" वर गर्दी करतात, आणि ज्यांच्या मनात थोडी शंका आहे ते हरवतात.

अटीसह शक्यता: वर दिल्याप्रमाणे, पर्याय तेच.

काळजी: "गेल्या 30 दिवसांत, आपल्याला एचआयव्ही होईल याची काळजी तुम्हाला किती वेळा वाटली?" कधीच नाही, क्वचित, अधूनमधून, बऱ्याचदा, सतत.

आतली जाणीव: "आकडे, माहिती बाजूला ठेवा. मनाला काय वाटते, तुम्हाला एचआयव्ही होऊ शकतो का?" मुळीच वाटत नाही ते पक्के वाटते, अशी 5 पायऱ्यांची पट्टी.

जोडीदाराचा धोका: "तुमच्या सध्याच्या जोडीदाराला एचआयव्ही असण्याची शक्यता किती वाटते?" हा प्रश्न सर्रास गाळला जातो. ज्यांचा धोका स्वतःच्या वागण्यातून नव्हे, तर जोडीदाराच्या वागण्यातून येतो, त्यांच्याबाबत तर तोच मुख्य प्रश्न आहे. एकच जोडीदार असलेली स्त्री "मी काहीच करत नाही" म्हणून स्वतःची शक्यता शून्य सांगेल, आणि पुढच्याच प्रश्नात जोडीदाराबद्दल "मध्यम" म्हणेल. ही विसंगती चूक समजून दुरुस्त करू नका. ती तशीच नोंदवा.

प्रत्येक शक्यतेच्या प्रश्नानंतर "असे का वाटते?" हा मोकळा प्रश्न ठेवा आणि उत्तर शब्दशः लिहून घ्या. "कमी" या उत्तरामागे दरवेळी कंडोम असू शकतो, दोघांची ताजी चाचणी असू शकते, "तो दिसायला निरोगी आहे" असू शकते, किंवा "नशिबात असेल ते होईल" हेही असू शकते. पहिल्या दोघांना समजावण्यासारखे काही नाही. तिसऱ्याला माहिती हवी, आणि चौथ्याशी बोलण्याची रीतच वेगळी हवी. मोकळी उत्तरे दोन जणांनी एकमेकांना न विचारता वर्गवारीत टाकावीत आणि त्यांची सहमती तपासावी.

"माहीत नाही" हा पर्याय द्यायचा का, यावर दोन मते आहेत. आमचे मत: द्या, पण मोठ्याने वाचून दाखवू नका, कुणी आपणहून म्हटले तर नोंदवा. विश्लेषणात त्याला कधीही "मध्यम" किंवा "शून्य" मानू नका. अंदाजच करता येत नाही, हीही एक अवस्था आहे आणि ती माहितीच्या अभावाशी जोडलेली असू शकते.

उलट अर्थाची वाक्ये सावधपणे वापरा. "मला एचआयव्ही होणार नाही याची मला खात्री आहे" या वाक्याला "असहमत" म्हणायचे, तर ऐकणाऱ्याला दोन नकार डोक्यात फिरवावे लागतात. कागदावर वाचणारा हे जमवतो. तोंडी मुलाखतीत मात्र अशी वाक्ये बाकीच्यांशी जुळत नाहीत आणि सगळ्या मापाची विश्वसनीयता खाली ओढतात.

तयार माप हवे असेल तर नॅपर, फिशर आणि रेनॉल्ड्स यांनी 2012 साली प्रसिद्ध केलेले 8 प्रश्नांचे माप बरेच वापरले जाते. त्यात शक्यता, काळजी आणि मनातली जाणीव हे सगळे येते, आणि अनेक भाषांत त्याची तपासणी झाली आहे. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. त्यातल्या सगळ्या प्रश्नांना सारखेच पर्याय नाहीत, त्यामुळे कच्चे गुण मिळवताना काही प्रश्नांचे वजन आपोआप वाढते. आणि त्यातून एकच बेरीज येते, पदर वेगळे दिसत नाहीत. इतर अभ्यासांशी तुलना करायची असेल तर ते वापरा. कार्यक्रमात नेमके काय बदलले हे शोधायचे असेल तर वरचे वेगवेगळे प्रश्न ठेवा. दोन्ही एकत्र विचारायला वेळ असेल तर उत्तमच.

आकड्यात उत्तर हवे असेल तेव्हा

"थोडी" म्हणजे एकासाठी हजारात एक, दुसऱ्यासाठी दहात एक. दोन गटांची किंवा दोन काळांची नेमकी तुलना करायची असेल तर शब्द अपुरे पडतात. टक्केवारी सगळ्यांना जमत नाही. तिथे दाण्यांची पद्धत उपयोगी पडते. मलावीतल्या ग्रामीण सर्वेक्षणांत आदेलीन देलावांद आणि हान्स-पीटर कोलर यांनी ती एचआयव्हीबाबत वापरली आणि 2009 साली मांडली. ज्यांना टक्के समजत नव्हते, त्यांच्याकडूनही सुसंगत उत्तरे मिळाली.

एक ताटली आणि 10 दाणे घ्या. सांगा: "ताटलीत एकही दाणा ठेवला नाही तर ती गोष्ट होणारच नाही, याची तुम्हाला खात्री आहे. सगळे 10 ठेवले तर ती होणारच. जितके दाणे जास्त, तितकी शक्यता जास्त." मग सराव. "पुढच्या 2 दिवसांत तुम्ही बाजारात जाल याची शक्यता दाखवा." दाणे तसेच राहू द्या आणि विचारा, "आता पुढच्या 2 आठवड्यांत?" दुसऱ्या वेळी दाणे कमी झाले तर रीत समजलेली नाही: 2 दिवसांत गेलेला माणूस 2 आठवड्यांतही गेलेलाच असतो. पुन्हा समजावा, पुन्हा सराव घ्या आणि ही चूक झाल्याची नोंद ठेवा. त्यानंतरच एचआयव्हीच्या प्रश्नाकडे वळा.

या पद्धतीची मर्यादा उघड आहे: सर्वांत लहान पायरी 10 टक्क्यांची. खरा धोका हजारात एक वाटणाऱ्या माणसाला शून्य किंवा एक दाणा, एवढेच दोन मार्ग. म्हणून शून्य ठेवणाऱ्याला लगेच विचारा, "अगदीच अशक्य, की अगदी थोडीशी शक्यता आहे?" आणि 5 दाणे ठेवणाऱ्यालाही विचारा: "म्हणजे होण्याची आणि न होण्याची शक्यता सारखीच वाटते, की नक्की सांगता येत नाही?" फिशहॉफ आणि ब्रुइन द ब्रुइन यांनी 1999 साली दाखवले होते की लोक "पन्नास-पन्नास" हे बऱ्याचदा "काही कल्पना नाही" या अर्थाने म्हणतात. हा पाठोपाठचा प्रश्न नसला तर तुमच्या आलेखात मधोमध एक खोटा उंचवटा दिसेल. साक्षर गटात 0 ते 100 ची पट्टी वापरा. तिच्यावर 0 ते 1 चा भाग भिंगातून दिसावा तसा मोठा करून दाखवला, तर छोट्या शक्यताही नोंदवता येतात.

भाषांतर आणि पूर्वतपासणी

दुसऱ्या भाषेतले माप घेत असाल तर दोन जणांनी स्वतंत्र भाषांतर करावे, तिसऱ्याने ते जुळवावे आणि मूळ न पाहिलेल्या चौथ्याने ते उलटे भाषांतरित करावे. पण उलटे भाषांतर जुळले म्हणजे काम संपले, असे समजू नका. पुस्तकी शब्दाचे भाषांतर उलटेही पुस्तकीच येते, आणि सगळे छान जुळलेले दिसते. चूक कळते ती ज्यांना प्रश्न विचारायचे आहेत त्यांच्याशी बोलल्यावर. 8 ते 12 जणांच्या फेऱ्या घ्या, दोन किंवा तीन. प्रत्येक प्रश्नानंतर विचारा: "या प्रश्नात काय विचारले आहे, तुमच्या शब्दांत सांगा." "उत्तर देताना मनात काय आले?" "थोडी आणि मध्यम यांत काय फरक धरला?" या फेऱ्यांत नेहमी सापडणाऱ्या गोष्टी अशा: लोक "एचआयव्ही होण्याची शक्यता" म्हणजे "एचआयव्हीने मरण्याची शक्यता" समजतात, "लागण" म्हणजे आत्ताच झालेली असे धरतात, काहींना वाटते की हा त्यांच्या चारित्र्यावरचा प्रश्न आहे. शेवटची अडचण सगळ्यांत चिवट. तिच्यासाठी प्रश्नाआधी एक वाक्य घाला: "एचआयव्ही कुणालाही होऊ शकतो, लोकांना आपल्याबद्दल काय वाटते ते आम्ही सगळ्यांना विचारतो."

मुलाखतीचा क्रम आणि जागा

जाणिवेचे प्रश्न लैंगिक वागणुकीच्या प्रश्नांआधी ठेवा. आधी जोडीदार किती, कंडोम किती वेळा, सुई वाटून घेतली का हे विचारले, तर माणूस स्वतःचा हिशेब लावतो आणि मग धोका जास्त सांगतो. तो अंदाज कदाचित वास्तवाच्या जवळचा असेल, पण तुमच्या प्रश्नावलीने घडवलेला असतो. नेहमीच्या आयुष्यात तो काय धरून वागतो, ते आधी विचारलेल्या प्रश्नातच दिसते. कोणताही क्रम ठेवा, पण सर्व फेऱ्यांत तोच ठेवा. पहिल्या फेरीत एक आणि दुसऱ्या फेरीत दुसरा क्रम असला तर दिसलेला बदल कार्यक्रमाचा की क्रमाचा, हे कुणालाच सांगता येणार नाही.

त्याच कारणाने मोजमाप चाचणी आणि समुपदेशनाच्या आधी करा. "निगेटिव्ह" निकाल हातात पडलेल्या माणसाची जाणीव त्या दिवशी वेगळीच असते. ज्यांना आपला एचआयव्ही पॉझिटिव्ह असल्याचा निकाल माहीत आहे, त्यांना हे प्रश्न लागू नाहीत. पण त्यांना सरळ "तुम्हाला एचआयव्ही आहे का" विचारून वगळले तर शेजारच्या खोलीतल्यालाही कळते. "या भागातले प्रश्न तुम्हाला लागू होतात का" असे स्वतःच भरायच्या पानावर विचारणे जास्त सुरक्षित.

एकांत हवाच. घरी मुलाखत घेताना जोडीदार किंवा सासू दाराशी असेल तर थांबा, वेळ बदला. शक्य असेल तिथे उत्तर देणाऱ्यालाच टॅबलेटवर, हेडफोनवर प्रश्न ऐकून उत्तर निवडू द्या. तोंडी विचारत असाल तर पर्यायांना आकडे द्या आणि पर्यायांचे कार्ड त्याच्या हातात ठेवा, म्हणजे त्याला "बरीच" असे मोठ्याने म्हणावे लागत नाही. "पाच" म्हटले की झाले. मुलाखतकाराने चेहऱ्यावर काही दिसू देऊ नये, आणि "अहो, असं कसं, धोका तर आहेच" असे मध्येच शिकवू नये. माहिती द्यायची ती सगळे प्रश्न संपल्यावर.

मुलाखतीत कुणी सांगितले की गेल्या 3 दिवसांत असुरक्षित संबंध आला किंवा सुई वाटून घेतली, तर प्रश्नावली बाजूला ठेवा. संपर्कानंतरचे प्रतिबंधक उपचार 72 तासांच्या आत सुरू करावे लागतात, जितके लवकर तितके चांगले, आणि ते 28 दिवस घ्यायचे असतात. कुठे पाठवायचे याचा पत्ता प्रत्येक मुलाखतकाराकडे लिहिलेला असलाच पाहिजे. प्रश्नांनी घाबरलेल्या माणसाला समुपदेशकाकडे आणि चाचणीकडे नेण्याची सोयही कामाला सुरुवात करण्याआधीच करून ठेवा.

जाणीव बरोबर आहे की नाही, हे कसे पाहायचे

त्यासाठी प्रत्यक्ष धोक्याचा वेगळा अंदाज हवा. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या पटेल आणि सहकाऱ्यांच्या आढाव्यात, जोडीदाराला उपचाराविना एचआयव्ही असताना, कंडोमविना, दर 10,000 संबंधांमागे लागणीचे अंदाज असे आहेत: गुदसंभोगात स्वीकारणाऱ्याला 138, करणाऱ्याला 11, योनिसंभोगात स्त्रीला 8, पुरुषाला 4. नशेसाठी सुई वाटून घेतल्यास 63. अनेक संबंधांचा एकत्रित धोका काढताना नुसता गुणाकार करू नका. एका वेळची सुटण्याची शक्यता तितक्या वेळा गुणा आणि 1 मधून वजा करा. 100 योनिसंभोगांत स्त्रीचा धोका 1 − (0.9992)¹⁰⁰, म्हणजे सुमारे 7.7 टक्के. 138 च्या दराने 50 संबंधांत तो जवळपास 50 टक्क्यांवर जातो. गुणाकाराने तो 69 टक्के आला असता.

हे आकडे डोळे झाकून कुणाला लावू नका. जोडीदाराला एचआयव्ही असण्याची शक्यता यात धरलेली नाही. जोडीदार उपचारावर असून त्याच्या रक्तात विषाणू मोजता येण्याजोगा नसेल, तर लैंगिक संबंधांतून लागण होत नाही. म्हणजे "माझ्या जोडीदाराला एचआयव्ही आहे, तरी मला धोका नाही" हे उत्तर पूर्ण बरोबर असू शकते. आणि लोक एका संबंधातला धोका पुष्कळदा खऱ्यापेक्षा खूप मोठा धरतात. त्याचा एक विचित्र परिणाम होतो: "एकदा झाले, म्हणजे आता झालाच असेल, मग कंडोम कशाला?" म्हणून "लोक धोका कमी लेखतात" हे आधीच ठरवून विश्लेषणाला बसू नका.

गटवार तुलनेसाठी, वागणुकीवरून प्रत्यक्ष धोक्याला गुण देणाऱ्या तयार गुणपत्रिका आहेत. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांसाठी 2012 ची एक आहे, तिच्यात 0 ते 47 गुण आणि 10 किंवा त्याहून जास्त म्हणजे वाढलेला धोका. त्या ज्या समाजात तयार झाल्या त्याबाहेर किती चालतात, ते तपासल्याशिवाय त्यांच्या सीमारेषा वापरू नका. मग चौकोन मांडा: प्रत्यक्ष धोका जास्त-कमी आणि वाटणारा धोका जास्त-कमी. "जास्त आहे, पण वाटत नाही" हा गट सगळ्यांच्या नजरेत येतो. "कमी आहे, पण फार वाटतो" हा गट दुर्लक्षित राहतो, आणि पुन्हा पुन्हा चाचण्या करून खचलेली माणसे त्यातच असतात. सहमती मोजायला भारित कॅपा वापरा, म्हणजे योगायोगाने जुळलेली उत्तरे वजा करून काढलेला सहमतीचा आकडा. नुसती टक्केवारी फसवते, कारण बहुतेक जण दोन्हीकडे "कमी" मध्ये असतात.

आकडेमोड

पर्यायांची संख्या वेगळी असेल तर प्रत्येक प्रश्न 0 ते 100 वर आणा: निवडलेल्या पर्यायाच्या क्रमांकातून 1 वजा करा, एकूण पर्यायांतून 1 वजा केलेल्या संख्येने भागा, 100 ने गुणा. 6 पैकी चौथा पर्याय म्हणजे 60. 5 पैकी तिसरा म्हणजे 50. उलट अर्थाची वाक्ये त्याआधी उलटवा. हे विसरले की क्रोनबाखचा अल्फा, म्हणजे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, एकदम कोसळतो, म्हणून अल्फा 0.70 च्या खाली दिसला की सगळ्यांत आधी इथेच पाहा. मग प्रत्येक प्रश्नाचा बाकीच्या बेरजेशी सहसंबंध बघा, 0.30 पेक्षा कमी असेल तर तो प्रश्न वेगळेच काही मोजतो आहे. पण काळजी आणि शक्यता एकमेकांपासून दूर गेली तर प्रश्न काढून टाकू नका, दोन उपमापे करा.

कोणते प्रश्न एका गटात पडतात हे शोधणाऱ्या घटक विश्लेषणासाठी सुमारे 300 उत्तरे हवीत. पर्याय क्रमवार असल्यामुळे पॉलिकोरिक (क्रमवार पर्यायांसाठीचे) सहसंबंध वापरा. 8 प्रश्नांच्या मापात एखादे उत्तर रिकामे असेल तर बाकीच्यांची सरासरी चालेल. त्याहून जास्त रिकामी असतील तर बेरीज काढू नका. माप स्थिर आहे का, हे पाहायला 2 आठवड्यांनी 50 ते 100 जणांना पुन्हा विचारा, आणि मधल्या काळात कुणाची चाचणी झाली किंवा जोडीदार बदलला का, हेही विचारा. ज्यांचे आयुष्यच बदलले त्यांचे उत्तर बदलले, तर तो मापाचा दोष नाही.

जाणिवेची "आहे-नाही" अशी दोन खान्यांत विभागणी करण्याचा मोह सुरुवातीला टाळा. पुष्कळ सर्वेक्षणांत बरीचशी उत्तरे तळाच्या पर्यायांत येतात, आणि रेघ कुठे मारली यावर निष्कर्ष उलटू शकतो. पर्यायांचा क्रम जपणारे क्रमवार लॉजिस्टिक प्रतिगमन करा. विभागणी लागलीच तर रेघ आधीच ठरवून लिहून ठेवा आणि एक पायरी वर-खाली करून निकाल टिकतो का ते दाखवा.

स्त्री-पुरुष, तरुण-वयस्क अशा गटांची सरासरी शेजारी मांडण्याआधी हे माप दोन्ही गटांत एकाच पद्धतीने चालते का, ते तपासा. विशेषतः काळजीच्या प्रश्नात पुरुष तीच धास्ती असूनही खालचा पर्याय निवडू शकतात. हे न तपासता "स्त्रियांना धोका जास्त वाटतो" असे लिहिले, तर तो फरक जाणिवेतला आहे की बोलण्याच्या सवयीतला, हे सांगता येत नाही. अहवालात प्रश्नांचे नेमके शब्द, मुदत, अट, पर्याय, प्रश्नांचा क्रम आणि मुलाखत तोंडी झाली की टॅबलेटवर, हे सगळे द्या. निव्वळ "धोक्याची जाणीव 34 टक्के" या आकड्याची पुढच्या फेरीशी तुलना करता येत नाही.